परशा, गाडी बदलायचं म्हणतोय

कडोली, ता. जि. बेळगाव
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय परशा,

जय शिवराय.

दिवाळीत तू येशील म्हणून वाट बघितली. पाळी बदलली म्हणालास, तिथं काय करणार. फोनवर दोनदा हा विषय काढला, पण मी आकडे सांगायला लागलो की तू "तुला बरं दिसतं ते कर" म्हणून मोकळा होतोस. तसं चालणार नाही. या गाडीत २०१४ साली तुझ्या बोनसचे चाळीस हजार गेलेत. मी परत द्यायला आलो तेव्हा तू घेतले नाहीस, म्हणजे ती गाडी अजून निम्मी तुझी आहे असंच मी धरून चालतो. म्हणून सगळं लिहून कळवतोय. निवांत वाच.

पिकअप आता तीन लाख चाळीस हजार किलोमीटर फिरलीय. काळा धूर मारते, सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला उठते, आणि चढाला लागली की पाणी तापतं. मेस्त्रीनं इंजिन उघडायचं सांगितलंय. रिंग-पिस्टन, हेडचं काम, नोझल आणि क्रँक उद्यमबागेत ग्राइंडिंगला, असं धरून पंच्याऐंशी हजार. मागच्या वर्षीची वही काढून बेरीज मारली तर दुरुस्तीला अडुसष्ट हजार गेलेत आणि एकोणीस दिवस गाडी उभी होती. त्या एकोणीस दिवसांत दुसऱ्याची गाडी भाड्यानं घालावी लागली, ते वेगळंच. गाडीला आठ वर्षं झाल्यापासून फिटनेसही दरसाल करावा लागतो. आधी दोन वर्षांतून एकदा असायचा. दरसाल पासिंगच्या आधी पत्रा ठोकायचा, रंग मारायचा, दिवे बघायचे, त्यात आठवडा जातो.

तरी इंजिन बांधून अजून तीन-चार वर्षं काढावीत असंच माझ्या मनात होतं. पोरगं नवीसाठी मागं लागलं होतं आणि मी दाद देत नव्हतो. सप्टेंबरात चोर्ल्याच्या घाटात जे झालं ते मी तुला फोनवर सांगितलं नाही. तुझ्या वहिनीलाही अर्धंच सांगितलंय.

म्हापशाला बटाटा चालला होता. बेचाळीस पोती, पन्नास किलोची. हिशेब तूच कर, एकवीसशे किलो झाले. गाडीची ताकद साडेबाराशेची. आपण कितीतरी वेळा असं नेलंय, तूही माझ्याशेजारी बसून नेलंयस. भाडं पोत्यावर मिळतं, पोत्याला नव्वद रुपये. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, तेवीस लिटर डिझेल, म्हणजे एकवीसशे रुपये पंपावरच गेले. कायद्यानं पंचवीस पोती भरली तर हातात दीडशे राहतात. म्हणून पंचवीसची तीस, तीसची पस्तीस, आणि आता बेचाळीस.

पोरगं चालवत होतं. मीच म्हटलं होतं, घाट शीक. कणकुंबी सोडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. धुकं एवढं की बोनेटच्या पुढं दिसेना. उतार लागला तसा तो तिसऱ्या गिअरमध्येच ब्रेक दाबत उतरायला लागला. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मी त्याला सांगितलं होतं, पण त्या रात्री माझाच डोळा लागला होता. वासानं जाग आली. ब्रेकचा लायनर जळाल्याचा तो वास तुला माहीत आहे, केस जळाल्यासारखा. मी "दुसरा टाक" म्हणून ओरडलो. तो म्हणाला, "बाबा, पेडल खाली जातंय." एवढंच. त्यानं दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, आणि दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घातली. चाळीसेक फूट खरवडत जाऊन गाडी थांबली. मागची दोन पोती फाटली आणि बटाटे उतारानं खाली चालले, अंधारात त्यांचा आवाज येत होता.

आम्ही दोघंही बराच वेळ खाली उतरलो नाही. ड्रम गार व्हायला तासभर लागला. पुढं केरीला चहाच्या टपरीवर पोरानं ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळत होता. बावीस वर्षांचं पोर आहे परशा. चूक त्याची नव्हती. भरताना काट्याकडं न बघणारा मी होतो. गाडीलाही दोष नाही, तिच्या वजनापेक्षा साडेआठशे किलो जास्त घालून घाटात सोडल्यावर कुठली गाडी थांबेल? मी ते त्याला तिथंच सांगितलं. तो काहीच बोलला नाही.

म्हणून आता ठरवलंय की गाडी बदलायची. पण कुठली, यावरनं घरात आठ दिवस वाद चाललाय आणि तिथंच मला तुझं मत पाहिजे.

पोराचं म्हणणं मोठी घ्यावी. बोलेरोच्या मॅक्स पिकअपमध्ये १.३ टनाची येते, १.७ ची येते आणि २ टनाचीही येते. टाटाची योद्धा आणि लेलँडची बडा दोस्तही बघून आलो. १.७ ला दहा फुटी हौदा आहे. शोरूममधला पोरगाही तेच सांगत होता, "मामा, हप्ता थोडाच जास्त आहे, माल बघा किती बसतोय." पोराला वाटतं ताकद वाढली की घाटातली भीती गेली. मला तसं वाटत नाही. दहा फुटी हौदा दिसला की अडत्या आणखी वीस पोती पुढं करणार, आणि मी नाही म्हणणार नाही. मी मला ओळखतो. साडेबाराशेच्या गाडीत एकवीसशे घातले, तर सतराशेच्या गाडीत तीन हजार घालायला किती दिवस लागतील? पकडलं तर वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, पण ते पैशाचं झालं. चोर्ल्यात पकडणारा कोण आहे, दरीच आहे.

दुसरी गोष्ट परमिटची. भरलेल्या गाडीचं एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही. केंद्राच्या कायद्यातच आहे. आपल्यासारख्यांना ही केवढी सोय! सकाळी तुडयेचा माल उचलायचा म्हणजे महाराष्ट्र, रात्री म्हापसा म्हणजे गोवा, आणि घर कर्नाटकात. १.३ ची गाडी तीन हजारांच्या आत बसते, १.७ ची बाहेर जाते. मग परमिट आलं, त्याचं नूतनीकरण आलं आणि एजंट आला. लायसन्सची मात्र दोन्हीला अडचण नाही. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते, असं सुप्रीम कोर्टानं मागच्या नोव्हेंबरात पुन्हा सांगितलंय.

आता आकडे. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ वर आलाय. म्हणजे मूळ शंभराची गाडी १२८ ला पडायची ती ११८ ला पडते. जी दहाला यायची तिच्यात अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास वाचतात. सगळं धरून रस्त्यावर यायला दहाच्या आत-बाहेर. दोन लाख आपण भरायचे, आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दहा टक्क्यांनी धरलं तर महिन्याला सतरा हजार. थर्ड पार्टी विमा जुनीला आणि नवीला सारखाच, सोळा हजार एकोणपन्नास, पण कर्ज असलं की पूर्ण विमा काढावा लागतो, त्याचे वर आणखी.

इंजिन नवीतही अडीच लिटरचंच आहे. पण बीएस ६, म्हणजे धुराचा नवा नियम म्हटल्यावर भोवती सेन्सर आणि वायरींचं जाळं आलं. आपला मेस्त्री आवाज ऐकून नोझल सांगायचा, आता स्कॅनर लावल्याशिवाय कुणी हात लावत नाही, कुठल्याही कंपनीची घे. रात्री जांबोटीत डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा पेटला तर करायचं काय, ही मला खरी धास्ती आहे. तू रोज त्याच कामात असतोस, म्हणून विचारतो: पहिली पाच वर्षं कंपनीत सर्व्हिस केली आणि पंपावर चांगलं डिझेल घातलं तर हे सेन्सर टिकतात का? मला धीर द्यायचा म्हणून सांगू नकोस, खरं सांग.

मग १.३ ची गाडी हप्ता फेडणार कशी, हे तू विचारणारच. बटाटा सोडायचा ठरवलंय. बटाटा आयशरवाल्यांनी न्यावा, त्यांना परवडतो. आपण फ्लॉवर, कोथिंबीर, मेथी, बीन्स, नवलकोल न्यायचं. फ्लॉवरनं हौदा आधी भरतो, वजन मागंच राहतं. आणि भाडं पोत्यावर घ्यायचं नाही, अख्ख्या गाडीचं घ्यायचं. गल्लीतल्या सहा घरांशी बोललोय. एका फेरीला साडेपाच हजार द्यायला ती तयार आहेत, कारण पालेभाजी वेळेत पोचली तर दर मिळतो आणि उन्हं वर आल्यावर पोचली तर कुणी विचारत नाही. गोव्याला बेळगावच्या भाजीवाचून भागत नाही, हे आपण २०२० च्या मार्चमध्ये बघितलंय. सीमा बंद झाली तशी चार दिवसांत तिकडं ओरड सुरू झाली होती. साडेपाचातनं डिझेल, जेवणखाण, टायर-ऑइलसाठी बाजूला काढायचे, हे सगळं वजा जाऊन फेरीला तेवीसशे उरतात. आठ फेऱ्यांत हप्ता. महिन्याला चौदा-पंधरा फेऱ्या होतील. पावसाळ्याचे दोन महिने निम्म्या धरायच्या. तरी निभतं.

गोव्याकडंच लक्ष द्यायचं, हेही त्यामुळंच. कोल्हापूरचा मार्केट दर चांगला असतो, पण २०२२ च्या डिसेंबरात सीमावादावरनं दोन्हीकडच्या गाड्यांवर दगड पडायला लागले तेव्हा केए-२२ घेऊन निपाणीच्या पुढं जायची हिंमत झाली नव्हती. चार दिवस गाडी दारात आणि कोथिंबीर शेडमध्ये पिवळी. तिकडं गेलो तर आमचा नंबर परका, आणि इथं काचेवरची अक्षरं परकी. नव्या गाडीच्या काचेवरही "जय शिवराय" मराठीतच लिहून घेणार आहे, ते मी पेंटरला सांगून ठेवलंय.

जुनीला गिऱ्हाईक आलंय. चंदगड तालुक्यातला माणूस आहे, काजूच्या बागेत फिरवायला पाहिजे. घाट नाही, लांबचा पल्ला नाही. दोन लाख साठ हजार म्हणतो. बांधाला बांध लागून असलेला माणूस, पण राज्य दुसरं, म्हणून इथनं एनओसी काढून तिकडं नव्यानं नोंदणी आणि टॅक्स. त्या खर्चापोटी तो दहा हजार कमी करायला सांगतोय. मी कमी करणार आहे. त्यानं हौद्यात बसून तळाचा पत्रा हातानं चाचपून बघितला. इंजिनापेक्षा आधी तो बघितला, म्हणून मला तो माणूस बरा वाटला.

आता शेवटचं, आणि हेच मला फोनवर बोलता आलं नसतं.

हौद्याच्या पुढच्या जाळीला डाव्या कोपऱ्यात एक जाड तार वाकवून आकडा केलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये मावशींना मध्यरात्री बेळगावला न्यायचं झालं तेव्हा तू पुण्यात अडकला होतास आणि अँब्युलन्स येईना. काचेवर भाजीचा पास होता म्हणून नाक्यावर सोडलं. गादी टाकून त्यांना मागं झोपवलं, गावातल्या डॉक्टरांनी लावलेली सलाइन टांगायला मी ती तार पक्कडीनं वाकवली होती. तुझी वहिनी सारा रस्ता बाटली हलू नये म्हणून हात धरून बसली. त्या वेळी मावशी बऱ्या होऊन परत आल्या, आणि पुढं तीन वर्षं, गाडी दारात आली की पदरानं तिच्या बोनेटला हात लावून मग आत यायच्या. तू ते बघितलेलं नाहीस. त्या गेल्यावरही मी ती तार काढली नाही. ताडपत्रीची दोरी अडकते म्हणून पोरगं दहादा काढायला निघालं, मी काढू दिली नाही.

गिऱ्हाइकाला पंधरा तारखेपर्यंत थांबवलंय. तुझा होकार आल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही, आणि तुझे चाळीस हजार या वेळी तुला घ्यावे लागतील. नाहीतर नव्या गाडीत घालतो आणि निम्मं नाव तुझं, ते तू सांग. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. जानेवारीत संमेलनाला आलास तर नवी गाडी तू आधी चालव.

ती तार मी कालच पक्कडीनं सोडवून घरात आणून ठेवलीय. ती तुला पाठवू, की तू आल्यावर नेशील?

तुझा,
मारुती