मंजू, हिरव्या स्वेटरबद्दल

पुणे, डिसेंबर

प्रिय मंजू,

फोन करणार होते पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि मग माझं राहूनच जातं, म्हणून टाईप करतेय, सावकाश वाच. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे, आईचे डोळे ऑपरेशननंतर छान झालेत, अंगठ्याचे सांधे मात्र दुखतात. बाकी सगळे बरे.

तर गोष्ट अशी की आई अण्णांचा हिरवा स्वेटर उसवतेय.

हो, तोच. वेण्यांचा, व्ही गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा. अण्णा नाइट ड्यूटीला कोटाच्या आत घालायचे तो. बुधवारी मी बँकेतून आले तर आई गॅलरीत उन्हात बसलेली, मांडीवर स्वेटर, हातात ती बारकी कात्री, आणि बाजूची शिवण निम्म्यापर्यंत उघडलेली. माझ्या पोटात गोळाच आला. मी म्हटलं आई हे काय करतेस, तर ती अगदी शांतपणे, "ईशाला लोकर पाठवायचीय." एवढंच. पुढे काही नाही, परत शिवणीत डोकं. आणि हे ती काही विसरली-बिसरली म्हणून करत नाहीये गं, डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे, पेपरमधलं शब्दकोडं रोज सोडवते. पूर्ण विचार करून चाललंय सगळं.

तुला आधी ईशाचं सांगते म्हणजे संदर्भ लागेल. एडिंबराला गेल्यापासून तिचं विणकाम जोरात आहे. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून शिकली होती, तेव्हा मला वाटलं महिनाभराचं वेड असेल, पण नाही, आता मोजे काय, टोप्या काय, आणि सगळं त्या वायरने जोडलेल्या गोल सुयांवर. धागा डाव्या हातात धरते. आईने पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा म्हणाली, "ही डावरी कधी झाली?" तेव्हापासून दर रविवारी दोघींचा कॉल असतो, मी फक्त फोन धरायचं काम करते. ईशाला आपली ती वेणी-जाळी हवी होती. आईला ती तोंडाने सांगताच येईना, हात सांगतात म्हणते, मग तिने लोखंडी पेटीतून नमुन्याच्या पट्ट्या काढल्या (आठवतात ना? एकेक पट्टी आणि तिला टाचलेली चिठ्ठी, निम्म्या चिठ्ठ्या हिंदीत, कारण शेजारच्या बहनजींनी लिहून दिलेल्या) आणि कॅमेऱ्यासमोर एक पट्टी भिंगाखाली धरली. इकडून आई टाके मोजत होती, तिकडे ईशा एक्सेलमध्ये चौकोन रंगवत होती. सहा टाक्यांची वेणी, त्यातले तीन बारक्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, दर आठव्या ओळीला पीळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट. ईशाने रात्रीत विणून फोटो पाठवला. मंजू, आईने तो फोटो किती वेळ बघितला असेल! मग म्हणाली, "पीळ उलट्या बाजूला गेलाय, पण ताण चांगला आहे पोरीचा." आईच्या तोंडून एवढं कौतुक मला दहावीच्या मार्कांनाही मिळालं नव्हतं.

आणि मग भांडणही झालं त्यांचं. ईशा गळ्यापासून सुरू करून खाली विणत जाते, मधे शिवण कुठेच नाही. आई म्हणे, शिवण नाही तर उसवायचं कसं? बाही फाटली तर नुसती बाही वेगळी कशी काढायची? ईशा म्हणे, आजी, वरून खाली विणलं की मनगट शेवटी येतं, मूल उंच झालं की तेवढाच शेवट उसवून पुढे दोन इंच वाढवायचं, तुमचं खालून वर विणलेलं असलं की खांद्यापासून सगळं उसवावं लागतं. आई गप्प बसली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना एकदम मला म्हणते, "बरोबर आहे तिचं. नंदूच्या बाह्या मी तीनदा खांद्यापासून उसवल्या होत्या." पंच्याऐंशीव्या वर्षी बाई मत बदलते आणि ते मोकळेपणाने सांगते, मला फार अभिमान वाटला तिचा.

आता मुद्दा. आईच्या अंगठ्यांनी आता अख्खा स्वेटर होणार नाही, हे तिला कळलंय. गेल्या थंडीत पलीकडच्या बाळाला कुंची आणि मोजे केले तेवढ्यातच हात सुजले. म्हणून तिने ठरवलं की ईशाला विणून द्यायचं नाही, लोकर द्यायची, तिचं ती विणेल. आणि घरात खरी लोकर म्हणजे ती एकच, बाकी सगळं लुधियानाचं अ‍ॅक्रिलिक. अण्णा ड्यूटीवर कानपूरला गेले होते तेव्हा आणलेली, 'लाल इमली' मिलची, 1977 च्या थंडीत विणलेली. ती मिल तर कधीच बंद पडली. ईशाने वाचून मला सांगितलं की 1876 ची होती, मी म्हटलं, मला फक्त ती लाल विटांची इमारत आणि घड्याळाचा मनोरा माहितीय, अण्णांनी एकदा रिक्षातून दाखवला होता.

नंदूचा फोन आला तर तो भडकलाच. अण्णांची एवढीच एक वस्तू राहिलीय, मी काचेच्या फ्रेममध्ये लावणार होतो म्हणे. आई म्हणाली फ्रेममध्ये काय, आत कसर लागेल आणि तुला बाहेरून दिसणार पण नाही. नंदूने फोन ठेवला. तो चिडला की कसा नाकातून बोलतो तुला माहितीय.

पण मंजू, मला नंदूचं पटतं. आईचंही पटतं. हेच सगळं अवघड होऊन बसलंय. तो स्वेटर दरवर्षी दसऱ्यानंतर मीच बाहेर काढते, गच्चीवर सावलीत वाळवते, कडुनिंबाचा पाला बदलते, परत घडी घालते. कोणी घालत नाही. अण्णा गेल्यावर त्यांचा चष्मा नंदूने नेला, घड्याळ त्याच्या मुलाने, माझ्याकडे तो स्वेटर. आणि आता त्याची एक बाजू म्हणजे नुसता कुरळ्या धाग्याचा ढीग. मी तिला थांबवू शकले असते. म्हटलं असतं आई नको, तर तिने त्या क्षणी कात्री खाली ठेवली असती, तशीच आहे ती. पण लोकर कोणाची? घरखर्चातून पैसे वाचवून अण्णांच्या हातात तिने दिले होते, दोन महिने दुपारी-रात्री तिने विणला, कोपर फाटल्यावर बाही तिनेच परत केली. अण्णांनी फक्त घातला. असं लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खरं ते खरं.

आणि आपण दोघींनी तर हे लहानपणी किती वेळा बघितलंय! झाशीच्या त्या क्वार्टरमध्ये कुठला स्वेटर एका जन्मात संपला? काकांचा तुझा व्हायचा, तुझा मुन्नीचा, मुन्नीचा बाहुलीचा. आपण दोघी हात पुढे करून लडी धरून उभ्या, हात खाली आले की आईची हाक "वर!" आणि तू मुद्दाम नाक खाजवायचीस. चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधलेली लडी, रिठ्याचं कोमट पाणी, पिळायची नाही, आणि वाळत घातली की खाली पाण्याने भरलेला तांब्या लटकवायचा. तो तांब्या तुझ्या डोक्यावर पडला होता ते अजून हसू येतं मला, सॉरी. ईशा सांगत होती की लोकरीतले कसले तरी बंध पाण्याने सुटतात आणि ताणून वाळवली की नव्या आकारात परत जुळतात, म्हणून कुरळेपणा जातो, आणि अ‍ॅक्रिलिकचं तसं होत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणून तर तांब्या."

तेव्हा आपल्याला कधी वाटलं नाही की काही मोडतंय. मग आता मला का एवढं लागतंय? माणूस नाही म्हणून? मला वाटतं हो. तेव्हा घालणारा समोर असायचा, नुसता उंच झालेला असायचा.

काल मी तिच्याशेजारी जाऊन बसले. बोलायचं नाही असं ठरवून बसले होते पण तीच बोलायला लागली. उसवताना शेवटची ओळ आधी सुटते ना, म्हणजे गळा, मग खांदा, मग छाती, तशी ती मागे मागे जात होती. एके ठिकाणी गाठ आली तर म्हणे इथे लोकर संपली होती, तुझे अण्णा परत कानपूरला जाईपर्यंत थांबले. एका वेणीला पीळ एक ओळ उशिरा पडलाय, तिथे बोट ठेवून म्हणाली, ही त्या रात्रीची, मंजूच्या आईला भोपाळला नेलं ती. मला हे माहीतच नव्हतं गं. आईने ती वेणी तशीच ठेवली होती, उसवून सुधारली नव्हती, आणि अण्णांनी ती चूक अंगावर घेऊन पंचवीस हिवाळे काढले. तुला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, हे पत्र खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे.

आणि शिवणीच्या आतला रंग! बाहेरून तो स्वेटर आता शेवाळी झालाय, पण शिवणीत दडलेली लोकर अजून बाटलीसारखी गर्द हिरवी आहे. मला एकदम तुझा स्वेटर आठवला. त्याच लोकरीतला.

हं, आता तुला कळलं असेल मी कुठे चाललेय. नववीत त्यावरूनच आपलं वाजलं होतं. ती उरलेली लोकर मला कबूल केली होती, आणि आईने तुझा स्वेटर विणला त्यात, मला लाल अ‍ॅक्रिलिक, ज्याच्यातून ठिणग्या उडायच्या. संक्रांतीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझ्याशी. तू अजूनही म्हणतेस की तिळगूळ आधी तू दिलास. मी दिला. आईला विचारलं परवा, तिने तुझी बाजू घेतली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनीही फरक नाही.

मी आईला म्हटलं सगळं उसवू नकोस. तेव्हा तिने मला तिची 1962 ची गोष्ट सांगितली, यशवंतराव दिल्लीला गेले त्या दिवसांतली. पुण्यात बायका जिथे तिथे जवानांसाठी विणत बसायच्या, आईला उलट-सुलटसुद्धा येत नव्हतं, शेजारच्या मावशींनी सुया हातात दिल्या. पहिली वस्तू म्हणजे खाकी मफलर, तो गठ्ठ्यात बांधून गेला. "कोणाच्या गळ्यात पडला मला ठाऊक नाही. परत मिळावा असं कधी वाटलं नाही. हा तर आपल्याच पोरीकडे चाललाय." मला उत्तर सुचलं नाही. मग पुढची बाजू आणि दोन्ही बाह्यांची लोकर तिने टोपलीत ठेवली, आणि मागचा अख्खा भाग माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा तुझा. उसवायचा की ठेवायचा तू ठरव, मी विचारणार नाही."

तो भाग आता माझ्या कपाटात आहे. रोज दार उघडते आणि बंद करते. पाठ आहे ती अण्णांची, सायकलवर मागे बसून मी तीच बघत शाळेत गेले. माझं मन असं म्हणतंय की पाठ ठेवायची, बाकी जाऊ द्यायचं. पण मग लोकर कमी पडते. पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो लागते, त्यातली पाठ गेली, कोपराची झिजलेली गेली, थोडी कसरीने खाल्लेली, आणि वेण्या लोकर जास्त खातात. ईशाच्या मापाला आईच्या हिशोबाने चार-पाच औंस कमी (हो, ती अजून औंसात बोलते). काल रात्री दिवा बंद केल्यावर अंधारातून आवाज आला, "मंजूकडे आहे ना अजून तिचा? विचार तिला."

तर विचारतेय. आहे का? तू मागे म्हणाली होतीस की मुन्नीच्या लग्नानंतर काकूंच्या ट्रंकेत ठेवलाय. मला माहितीय तो तुझ्यासाठी काय आहे, त्या वर्षी तुला घरातलं दुसरं कोणी काही करणारं नव्हतं. म्हणून तू नाही म्हणालीस तर मी आईला सांगेन की सापडला नाही, आणि तुझ्या-माझ्यात हा विषय परत निघणार नाही. पण देणार असलीस तर अण्णांची पाठ वाचते आणि ईशाच्या अंगावर तुझाही धागा जातो, आणि खरं सांगू, मला ते फार आवडेल. सगळा नको, नुसत्या बाह्या दिल्यास तरी भागेल. नाहीतर मी चुकतेय असं वाटत असेल तर तसं लिही, पाठसुद्धा देऊन टाक म्हणालीस तर त्याचाही विचार करेन, तुझ्याशिवाय कोणाचं ऐकायची माझी तयारी नाही या बाबतीत.

ईशा फेब्रुवारीत येतेय, तिला आईच्या सुयांचा जोडही न्यायचाय, दहा नंबरचा, आणि ती सायकलच्या तारेची बारकी सुई, वर्कशॉपच्या फिटरकाकांनी घासून दिलेली. विमानात चालते का कोणास ठाऊक, सामानातच टाकू. आणि तिला मी पंजाब मेलची गोष्ट सांगितली, आई त्या सरदारजींच्या मागे मागे डब्यात फिरली होती, त्यांच्या स्वेटरची पाठ बघायला, आणि शेवटी त्यांनी उठून उभं राहून स्वतःच टाके मोजू दिले. हसून हसून लोळली पोरगी. तीच तर आहे ही वेणी-जाळी!

शरदभाऊंची बायपासनंतरची तपासणी झाली का? गुडघ्याचं काय ठरवलंस, पुढे ढकलू नकोस. रोहनचा फ्लॅट मिळाला का ताबा, अभिनंदन सांग त्याला. सुनेला नमस्कार नको, आशीर्वाद सांग, नमस्कार म्हटलं की ती लाजते.

पाठवलास तर साध्या सुती कापडात गुंडाळून पाठव, डांबरगोळ्या टाकू नकोस, आईला तो वास सहन होत नाही. आणि आधी धुवू नकोस बरं का, मशिनमध्ये तर अजिबात नाही, गरम पाण्यात घोळला की आवळून बसेल आणि मग एक टाका उसवायचा नाही. उसवायचा असेल तर इथेच ये की चार दिवस, लडी धरायला कोणीतरी लागेलच.

तुझी,
शुभा