इस्राएल मोहल्ल्याची टूर मराठीत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या हेरिटेज वॉकवरचा लेख वाचला, त्यात ज्यू वारशाच्या टूरचा पण उल्लेख होता म्हणून हे पत्र. अशा टूर निघतात, लोक पैसे भरून जातात, चांगलंच आहे. पण मी पाहिल्या त्या सगळ्या जातात कुठे, तर फोर्टमधलं 1884 चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ), जे दुरुस्ती होऊन 2019 ला परत उघडलं, मग भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि जाता जाता डेव्हिड ससून लायब्ररी. म्हणजे सगळं बगदादहून आलेल्या ससून घराण्याचं. त्यांनी शहराला भरपूर दिलंय, वादच नाही. पण जे ज्यू कित्येक पिढ्या कोकणात राहिले, घरात मराठीच बोलले, ज्यांची आडनावं दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी आहेत, त्या बेने इस्राएल लोकांचा जुना इस्राएल मोहल्ला मशीद बंदर स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि तिकडे कोणी नेतच नाही.

तिथे सॅम्युएल स्ट्रीटवर शार हारहामीम हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग आहे, जुने लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधलं. हे कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटका झाली तर देवाचं घर बांधीन असा नवस केला, अशी कथा समाजात सांगतात. रस्त्याचं नाव पण त्यांच्यावरूनच पडलं म्हणतात. आत्ताच्या जागी सिनेगॉग 1860 ला आलं. आजूबाजूला सुक्या मेव्याची, मसाल्याची गोदामं, हातगाड्या, हमालांची ये-जा, त्यातून वाट काढत आत गेलं की एकदम शांत लाकडी बाकं, टांगलेले दिवे. कोकणातून मुंबईत नोकरीला आलेल्या माणसांनी कसं बस्तान बसवलं हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही.

टूरवाले म्हणतात तिकडे बस जात नाही, ट्रॅफिक असतो. अहो, पण रविवारी सकाळी घाऊक बाजार बंद असतो तेव्हा आरामात चालता येतं की! खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. सगळं इंग्रजीत चालतं आणि परदेशी पाहुण्यांना डोळ्यापुढे ठेवून आखलेलं असतं. एका टूरला मी गेले होते तेव्हा गाईडने वर्षं, खांब, रंगीत काचा सगळं नीट सांगितलं पण बेने इस्राएल लोकांबद्दल दोन वाक्यं, आणि ते मराठी बोलतात हे ऐकून आमच्याच ग्रुपमधले मराठी लोक चकित झाले. त्या सिनेगॉगच्या देखभालीला असलेले काका बाजूलाच उभे होते, मी मराठीत विचारलं तर म्हणाले, "बसा ना ताई, पंखा लावतो," आणि मग त्यांच्या मलिद्याच्या विधीबद्दल भरभरून बोलायला लागले. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा, बाजूला फळं मांडायची आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं नाव घेऊन आभार मानायचे, लग्नाआधी, नवस फेडताना. हे ऐकायला ग्रुपमधलं कोणी थांबलंच नाही कारण पुढच्या ठिकाणाची वेळ झाली होती. मला फार वाईट वाटलं.

सांगण्यासारखं केवढं आहे! कोकणात तेलाचे घाणे चालवायचे पण शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली हे नाव. 1874 ला पुण्यात छापलेली मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी. 1880 च्या सुमारास सुरू झालेली कीर्तनं, आपल्यासारखीच, फक्त आख्यान बायबलमधलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 ला काढलेली शाळा. 1948 नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली आणि तिथूनही मायबोली नावाचं मराठी नियतकालिक काढलं. इथे राहिलेत ते थोडेच, त्यातले बरेच आमच्या ठाण्यात.

टूर काढताना त्यांचं ऐकून काढावी एवढीच कळकळीची विनंती. शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो तेव्हा जाऊ नये, आधी कळवून जावं, ओळखपत्र मागितलं तर कटकट करू नये, 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्राचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. फोटो विचारून काढावेत. आणि तिकिटातला ठरलेला वाटा सिनेगॉगच्या देखभालीला गेलाच पाहिजे. समाजातल्याच कोणी आजी-आजोबांना बोलायला बोलवावं आणि त्याचं रीतसर मानधन द्यावं.

राज्य सरकारने 2016 ला ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, तर पर्यटन खात्याने मशीद बंदर ते सॅम्युएल स्ट्रीट असा एक मराठी वॉक सुरू करायला काय हरकत आहे? पुढचा टप्पा अलिबागची इस्राएल आळी आणि नवगावची जुनी दफनभूमी, जिथे त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं ते मानतात. तुमच्या पेपरने पुढाकार घेतला तर आमच्या सोसायटीतले बरेच जण पहिल्याच रविवारी नाव नोंदवतील.

आपली,
एक वाचक, ठाणे