दिवाणजी काका, त्या जांभळ्या चौकटीसाठी मनापासून थँक्यू

काका, समोर बोलायला आले की तुम्ही "असू दे गं, एवढं काय त्यात" म्हणून विषय मिटवता, म्हणून लिहूनच सांगते, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

मार्चमधली संध्याकाळ होती ती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात, पोत्यांची थप्पी दारापर्यंत, कीबोर्डच्या फटीत पण हळद गेलेली. तासगावकडच्या एका आजोबांचा फोन आला, "पोरी, हमाली एवढी कशी लागली गं?" मी त्यांची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, बघितली तर १२६० च्या जागी २५२० वजा झालेले, बरोबर दुप्पट. आणि आमचा एक्सेलमधला फॉर्म्युला म्हणजे हळकुंडाला एक दर, गड्ड्याला (मधल्या कंदाला) वेगळा, त्यातून हमाली, तोलाई (वजनाची मजुरी), उचल (आधी घेतलेले पैसे) सगळं वजा, इफच्या ("असं असेल तर" या अटीच्या) आत इफच्या आत इफ, चार ओळी भरून. मी सेलवर डबल क्लिक करायचे तर फॉर्म्युला उघडायचाच नाही, कर्सर उडी मारून दुसऱ्याच सेलवर जायचा, मला वाटलं फाईलच बिघडली, रडायला यायचं बाकी होतं.

तुम्ही शेजारच्या पेढीवरून स्वतःचा हिशेब अर्धा टाकून आलात. माऊस मागितला नाहीत, बाजूला स्टूल घेऊन बसलात आणि मलाच करायला लावलंत. फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे सेलमध्येच एडिट करू देण्याची टिक निघालेली होती, ती नसली की डबल क्लिक केल्यावर एक्सेल ज्या सेलवर फॉर्म्युला अवलंबून आहे तिकडे नेतो. टिक केली, परत डबल क्लिक केलं आणि सगळे रंग आले, फॉर्म्युल्यात निळं तर शीटवर पण निळी चौकट, तसंच लाल, तसंच जांभळं.

"आता वाचू नको, नुसत्या चौकटी बघ कुठं संपतात," म्हणालात. जांभळी चौकट हमालीच्या कॉलमवर होती, १४ व्या ओळीपासून सुरू आणि खालची कड २२ व्या ओळीच्या खाली. गाड्यांच्या नोंदी २१ पर्यंतच, २२ मध्ये एकूण बेरीज! ओळी वाढवल्या तेव्हा मीच रेंज हाताने वाढवलेली, त्यात बेरजेची ओळ पण आत घेतली गेली, म्हणून दुप्पट. केव्हाची आकडे तपासत होते आणि चूक एका रेघेवर दिसली. चौकटीचा कोपरा धरून एक ओळ वर ओढला, एंटर, १२६०.

मग दराची चौकट का येत नाही विचारलं तर म्हणालात दर दुसऱ्या शीटवर आहेत, या शीटवर चौकट कशी दिसेल, तिथे कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस ([) दाबून जा आणि एफ फाइव्ह, एंटर करून परत ये. आणि रंग मोजकेच असतात, लांब फॉर्म्युल्यात तेच फिरून येतात, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. एफ नाइनचं तर मला सगळ्यात जास्त आवडलं, एक तुकडा सिलेक्ट करून दाबला की तेवढ्याचंच उत्तर दिसतं, पण नंतर एस्केपच दाबायचं, एंटर दाबला तर फॉर्म्युला जाऊन तिथे आकडाच कायमचा बसतो, हे तुम्ही तीनदा बजावलंत. ऑल्ट एंटरने फॉर्म्युला ओळींत तोडून घेतला, कंट्रोल शिफ्ट यूने वरची पट्टी मोठी केली, तेव्हा पहिल्यांदा तो मला माणसासारखा वाचता आला. जुन्या एक्सेलमध्ये एकात एक इफ ७ च बसायचे, २००७ पासून ६४ बसतात, "बसतात म्हणून बसवायचे नसतात," हे पण तुमचंच.

काका, त्याच शीटची कॉपी करून मी आणखी चार पट्ट्या केल्या होत्या. त्या रात्रीच चारही दुरुस्त केल्या, मालकांना सांगितलं, चौघांचे आणि आजोबांचे पैसे दुसऱ्या दिवशी गेले. आजोबांनी फोन करून "जमा झालं बघ" एवढंच म्हटलं, आवाजात राग नव्हता, मला त्याचंच केवढं बरं वाटलं. वर्षभर राबून आणलेली हळद असते ती, आपल्या एका ओळीपायी त्यांना विचारत बसायला लागू नये.

आता नव्या पट्टीत हमाली, तोलाई, उचल वेगवेगळ्या कॉलममध्ये घेतलीय आणि शेवटचा फॉर्म्युला एवढुसा राहिलाय. फक्त एक जुना इनडायरेक्टवाला (लिहिलेल्या पत्त्यावरून सेल शोधणारा) फॉर्म्युला आहे, त्यात सेलचा पत्ता अवतरणात असल्यामुळे रंगच येत नाही. गुरुवारी सौदे उरकले की येते दाखवायला, चहा आमच्याकडून.