कुलूप लावलेल्या घराची तपासणी

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गुंठेवारीत राहते. बुधवारी डेंग्यू झालेल्या मुलाला रुग्णालयातून घरी आणलं, तर फाटकावर डासांच्या तपासणीची खूण, खडूने लिहिलेली: ‘तपासले’, खाली 14 तारीख. 14 तारखेला आमच्या घराला कुलूप होतं. आम्ही दोघं मुलाच्या खाटेशेजारी बसून होतो, त्याच्या प्लेटलेट 28 हजारांवर आल्या होत्या. मग कुणी, काय तपासलं?

सलाईनसाठी शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचलं, अजून हात काळानिळा आहे. बिल 41 हजार झालं, ते फेडू. पण डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असतात आणि पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

गणपतीत आमच्या गल्लीत सभा झाली. दर आठवड्याला माणूस येईल, बॅरल-टाक्या उघडून बघेल, असा शब्द दिला होता. आली ती एकदा धुराची गाडी, रात्री आठला. फोटो काढले आणि गेली. हा डास दिवसा चावतो, हे तुमच्याच पत्रकात छापलंय. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

कोरडा दिवस पाळा म्हणता, तो मी पाळते. दर रविवारी बॅरल पालथं करून आतून ब्रशने खसाखसा घासते. अंडी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पण आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, कधी पहाटे, कधी भर दुपारी. भरून ठेवलं नाही, तर पोरांना प्यायला काय देऊ? रोज ठरल्या वेळी पाणी आलं असतं, तर गल्लीतली निम्मी बॅरलं केव्हाच निघाली असती. शेजारचा रिकामा प्लॉट पावसाळाभर तुंबलेला असतो. तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा म्हणून दोनदा अर्ज दिला, पोच माझ्याकडे आहे.

2019 ला कृष्णा घरात शिरली, तेव्हा सगळे साहेब येऊन गेले. तापाला कुणी येत नाही. घरपट्टी थकली की नोटीस मात्र लगेच येते. आणि खडू हातात असलेल्या त्या एका माणसावर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. त्याच्याकडे किती घरं दिलीत, रिकाम्या जागा का भरत नाही, ते आधी सांगा. आशाताईंना प्रत्येक कामाला जुंपता आणि मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. माणसं नेमायची नाहीत आणि कागदावर घरं मात्र तपासून झालेली, असं किती दिवस चालवणार?

ती तारीख मी पुसलेली नाही. जो येईल त्याला पाठवा, बॅरलचं झाकण मी स्वतः उघडून देते.

आपली,
एक आई, सांगली