गोळी आणि कॉफी यांच्या मधला तास

प्रिय सखे,

तुझं पत्र काल आलं आणि रात्रीपर्यंत तीनदा वाचून झालं. ‘डोस पुन्हा वाढवला, आता शंभरची गोळी सुरू झाली’ असं एका ओळीत लिहून तू पुढे गेलीस, पण मी तिथेच अडकले. कारण त्याच्या जरा वर तू लिहिलं आहेस की सकाळी अंथरुणातून उठवतच नाही, कॉफी पोटात गेल्याशिवाय डोळे उघडत नाहीत, आणि थायरॉइडची गोळीही त्याच कॉफीबरोबर घेऊन टाकतेस. या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध आहे हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं, कारण यातून मी स्वतः गेले आहे.

तुला तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. मला पहिल्यांदा पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी दिली होती. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा, जेमतेम खाली आलेलं. मग पंचाहत्तर, मग शंभर. केस गळतच होते, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, दुपारी तीन वाजले की डोकं टेकावंसं वाटायचं. आपल्या शरीराला औषध लागूच पडत नाही, असं मनाने घेतलं होतं. तूही नेमकं हेच वाक्य लिहिलं आहेस आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, ‘गोळी रोज घेता ना?’ मी मनापासून हो म्हणायचे. कशाबरोबर घेता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. गोळी गिळायला काहीतरी लागतं, हातात कप होता, एवढंच.

ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आपल्याला कमी पडणारा थायरॉइडचा हार्मोनच, फार नाजूक आहे बघ. आधी पोटातल्या आम्लात ती विरघळते आणि मग लहान आतड्यातून रक्तात जाते. अगदी उपाशीपोटी घेतली तरी तिच्यातलं साधारण ७० ते ८० टक्केच औषध शोषलं जातं. म्हणजे मुळातच थोडं वाया जाणार, त्यात कॉफी आली की वाटा आणखी कमी. २००८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असेच काही रुग्ण तपासले. गोळी नियमित घेऊनही त्यांचं टीएसएच हवं तसं खाली येत नव्हतं, आणि ते सगळे गोळी कॉफीबरोबर घेत होते. तीच गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभराने, एवढा बदल केल्यावर औषध नीट शोषलं जाऊ लागलं. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून होते. इतके महिने!

आणि हा दोष एकट्या कॅफीनचा मानू नकोस. कॉफीतले इतर घटकही औषधाला आतड्यातच अडवून ठेवतात, म्हणून कॅफीन काढलेली कॉफी त्या वेळी चालेल असं नाही. चहाचंही तेच समज. त्यात दूध असतं, दुधात कॅल्शियम, आणि कॅल्शियम या हार्मोनला धरून ठेवतं. गोळीबरोबर फक्त पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तासभर पोटात दुसरं काही नको. तू मध्यंतरी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्यास ना? त्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांच्या अंतराने घे. या दोन्ही मी सकाळी तिच्याबरोबरच गिळायचे, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या चक्राने. थायरॉइड कमी, म्हणून थकवा. थकवा, म्हणून उठल्या उठल्या कॉफी. कॉफीमुळे औषध पोचत नाही आणि थकवा तसाच. आपल्याला वाटतं कॉफीच्या आधारावर दिवस निघतो आहे. तुझं कॉफीवरचं प्रेम मला माहीत आहे, ती सोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. फक्त ती तासभर पुढे ढकलायची आहे.

आता पुढचं नीट वाच, कारण इथे माझं चुकलं होतं. कॉफीचं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवसापासून सवय बदलली आणि कोणाला काही सांगितलं नाही. पण गोळी तर शंभरचीच होती! ती आता जास्त प्रमाणात अंगात जाऊ लागली. काही आठवडे फार छान वाटलं, मग छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायचे, रात्री झोप लागेना, विनाकारण घाम. त्यात दिवसाचे तीन कप कॉफी चालूच, म्हणजे धडधड आणखीच वाढणार. तपासलं तर टीएसएच ०.१ वर, म्हणजे हवं त्यापेक्षा फारच खाली आलेलं. हार्मोन दीर्घकाळ जास्त राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. मला परत पंचाहत्तरवर आणलं आणि तिथेच गाडी स्थिरावली.

म्हणून कॉफी मागे ढकलायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. इतके दिवस गोळी कॉफीबरोबर घेत होते, आता पाण्याबरोबर घेणार आहे, असं स्पष्ट सांग. लाज वाटू देऊ नकोस. शंभर ठेवायची की कमी करायची ते त्यांना ठरवू दे. मग सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपास, त्याआधी घाई नको. हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे त्याचा परिणाम सावकाश दिसतो. याच कारणाने एखाद्या सकाळी चूक झाली तर घाबरायचं काम नाही. रोजची सवय काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

सकाळचा तास अजिबातच जमत नसेल तर आणखी एक वाट आहे. रात्री जेवून तीन तास झाल्यावर, झोपताना गोळी घ्यायची. २०१० साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात झोपताना गोळी घेतल्यावर टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा खाली आलेलं दिसलं. तू लवकर जेवतेस, तुला हे जमेल असं वाटतं. हेही डॉक्टरांशी बोलूनच ठरव.

मी स्वतः सकाळचीच वेळ ठेवली आहे. पाण्याचा ग्लास आणि गोळी रात्रीच उशाशी ठेवते. जाग आली की घेते आणि थोडा वेळ तशीच पडून राहते. पहिले दहाबारा दिवस तो तास फार लांब वाटला, डोकंही दुखलं. तुलाही वाटेल. तेव्हा सरळ मला फोन कर. माझीही गोळी तेवढ्यात झालेली असते आणि कॉफीला वेळ असतो.

तुझी,
जुनी मैत्रीण