लॅबला अनुदान आहे, संशोधनाला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतःच्या हाताने उपकरणं बनवून बघण्याच्या प्रयोगशाळा) उभारण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. मी ग्रामीण भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, लॅबची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. त्यामुळे बातमी वाचून आनंदच झाला. आजवर एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आले आहे: १० लाख उभारणीला, १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. त्याच हिशेबाने ५० हजार लॅबचे १० हजार कोटी होतात. पण यातून मुलं नेमकं काय शिकतात, हे तपासायला या अनुदानात वेगळं लेखाशीर्ष नाही.

आमच्या आठवीतल्या एका मुलीने आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम घालून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर जोडला. कुंडीतली माती कोरडी झाली की लाल दिवा लागायचा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "माती ओली असताना दिवा लागायला हवा असेल, तर काय बदलशील?" ती वायरी उपसून इकडच्या तिकडे लावू लागली. प्रोग्राममधल्या 'माती कोरडी असेल तर दिवा लाव' या अटीकडे तिचं लक्षच गेलं नाही, कारण प्रोग्राम तिने पुस्तिकेत बघून जसाच्या तसा उतरवला होता. मुलगी हुशार आहे. अशा मुलांना संगणकाला हात लावण्याआधी कागदी कार्डांच्या खेळातून 'अट' शिकवली तर फरक पडेल का? मला वाटतं, पडेल. पण माझ्या वाटण्यावर हजारो शाळांची पद्धत ठरू नये. काही शाळांत एक रीत, काही शाळांत दुसरी, असं वर्ष-दोन वर्षं चालवून मोजावं लागतं आणि त्याला पैसा लागतो.

'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचा एक प्रयोग २००७मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट इथे झाला होता. पेरू देशाने हे लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा रीतसर अभ्यास झाला. २०१२मध्ये निष्कर्ष आला, की तर्कशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसतो, गणितात आणि भाषेत मात्र प्रगती दिसत नाही. असं उत्तर पचायला जड जातं, पण ते हाती आल्याशिवाय पुढची खरेदी करणं म्हणजे जनतेच्या पैशाशी खेळ आहे.

हे काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून विज्ञान-शिक्षणाचाच अभ्यास करत आहे. पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते, शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' हा अभ्यासक्रमही तिथेच तयार झाला. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी तर पाच वर्षांत ५० हजार कोटींच्या निधीचं उद्दिष्ट आहे.

माझी मागणी साधी आहे. लॅबवरच्या खर्चाचा एक टक्का, म्हणजे सुमारे १०० कोटी, संशोधन-अनुदान म्हणून बाजूला काढावा. त्यात शाळेतल्या शिक्षकाला माहिती भरून देणारा म्हणून न राबवता सहसंशोधक म्हणून घ्यावं, प्रस्ताव मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी आणि निष्कर्ष, ते प्रतिकूल असले तरी, मराठीत छापून शाळाशाळांत पोचवावेत. आपल्या राज्याने निदान एका जिल्ह्यात याची सुरुवात येत्या शैक्षणिक वर्षात, नव्या लॅबच्या निविदा निघण्याआधी करावी.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा