‘ब्रेन हॅमरेज’ एवढंच लिहून चालत नाही, मंत्रिमहोदय

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स.न.वि.वि.

या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा एक दावा परत आला. शेरा तीन शब्दांचा होता: ‘निदान स्पष्ट करा.’ रुग्ण जत तालुक्यातला. मेंदूत रक्तस्राव झालेला, कवटी उघडून ऑपरेशन केलेलं, सीटीच्या फिल्म फाइलला जोडलेल्या. डिस्चार्ज कार्डावर निदान मात्र एवढंच: ‘आयसीएच’. ही तीन अक्षरं उलगडायला रुग्णाच्या मुलाला जतहून मिरजेला हेलपाटा घालावा लागला. त्याच्या हातून काय चुकलं होतं?

चूक कुठे होते ते आम्हाला रोज दिसतं. ‘आयसीएच’ म्हणजे कुणासाठी इन्ट्रासेरेब्रल, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातला रक्तस्राव. कुणासाठी इन्ट्राक्रेनियल, म्हणजे कवटीच्या आत कुठेही झालेला. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या (आयसीडी) दहाव्या आवृत्तीत पहिल्याचा कोड आय ६१. दुसऱ्याचा आय ६२.९, म्हणजे ‘जागा सांगितलेली नाही’. आय ६१ मध्येही खोलवरचा रक्तस्राव ६१.०, मेंदूच्या पृष्ठभागाजवळचा ६१.१, मस्तिष्कस्तंभातला ६१.३, लहान मेंदूतला ६१.४ आणि पोकळ्यांमध्ये उतरलेला ६१.५ असे वेगळे कोड आहेत. जागा सीटीच्या अहवालात असते, पण अहवाल वाचून कोडरने, म्हणजे निदानाला कोड देणाऱ्या कर्मचाऱ्याने, स्वतःच निदान ठरवायचं नसतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते लिहायला हवं. ते लिहीत नाहीत आणि दोष येतो रेकॉर्ड रूमवर.

‘सीव्हीए’ (सेरेब्रोव्हॅस्क्युलर अ‍ॅक्सिडेंट, म्हणजे नुसता पक्षाघात) लिहिलं तर त्याहून वाईट. त्याचा कोड आय ६४: पक्षाघात, पण रक्तस्रावाने की रक्तपुरवठा तुटल्याने, ते माहीत नाही. सीटी झालेल्या रुग्णाला हा कोड लागणं ही शरमेची गोष्ट आहे. आपल्याकडे त्यात ‘गुठळी’ या शब्दाची भर. रक्तवाहिनी तुंबवणारी तीही गुठळी आणि फुटलेल्या रक्तवाहिनीतून साचलेली तीही गुठळी. पहिलीत गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, दुसरीत तेच औषध जीव घेऊ शकतं. तालुक्याहून येणाऱ्या रेफर चिठ्ठीवर ‘मेंदूत गुठळी’ एवढंच असेल, तर पुढच्या डॉक्टरने काय समजावं?

सगळ्यात अवघड प्रकरण पडलेल्या माणसाचं. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला दुचाकीसह कोसळलेला रुग्ण आणला जातो. तो पडला म्हणून रक्तस्राव झाला, की आधी रक्तवाहिनी फुटली आणि मग तो पडला? पहिल्यात कोड एस ०६ मधला, शिवाय अपघाताचा वेगळा कोड आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. दुसऱ्यात आय ६० ते आय ६२. हा निर्णय रक्ताची जागा, जखमांच्या खुणा, जुना रक्तदाब आणि पाहणाऱ्याची साक्ष धरून डॉक्टरने करायचा असतो. केस पेपरवर मात्र ‘एच/ओ फॉल’, म्हणजे ‘पडल्याचं सांगतात’, एवढंच. म्हाताऱ्या माणसांचा जुना सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचलेला रक्तस्राव, तर महिना-दीड महिन्यापूर्वीच्या, घरचेही विसरलेल्या धक्क्यातून होतो. विचारून लिहिलं तर एस ०६.५, नाही विचारलं तर आय ६२.०. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का, हेही त्याच वेळी विचारून लिहायला हवं.

मागणी मोठी नाही. अपघात विभागात एक छापील पान द्या. त्यावर सीटीची तारीख-वेळ, रक्ताची जागा, रक्त कोणत्या बाजूला आणि कमजोरी कोणत्या बाजूला ते वेगवेगळ्या रकान्यांत, कारण उजवीकडच्या रक्तस्रावाने डावा हात जातो आणि नुसतं ‘लेफ्ट’ लिहिलं की दोन्हींची सरमिसळ होते. रुग्ण कितपत शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलची नुसती बेरीज नको. डोळे, बोलणं, हालचाल हे तिन्ही आकडे वेगळे, आणि झोपेचं औषध देण्याआधीचे. श्वासाची नळी घातली असेल तर बोलण्याच्या जागी ‘टी’. रक्ताचं प्रमाण मिलिलिटरमध्ये: लांबी, तिला काटकोनात रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार, मग निम्मे. ५ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे ६०, निम्मे ३० मिलि. रक्तस्राव किती गंभीर ते सांगणाऱ्या आयसीएच स्कोअरमध्ये याच ३० पासून एक गुण वाढतो. पाच मिनिटांचं काम आहे.

रुग्ण दगावला तर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरायचा. त्यात कितीदा ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं सापडतं! ते मरणाचं कारण नव्हे, मरण कसं दिसलं त्याचं वर्णन. (अ) मेंदूवरील दाब, (ब) खोलवरचा रक्तस्राव, (क) उच्च रक्तदाब, आणि प्रत्येकापुढे किती काळ, असा क्रम हवा. २०२३ च्या दुरुस्तीने या दाखल्याची प्रत नातेवाइकांनाही द्यायची आहे. त्यांच्या हातात निरर्थक कागद देणार का?

२०२३ मध्येच योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. स्वागत आहे. पण त्या पाच लाखांचा दावा ज्या कागदावर उभा राहतो, तो लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला झोप नाही आणि तो वाचणाऱ्या प्रशिक्षित कोडरचं पद भरायला कुणाला घाई नाही. ग्रामीण रुग्णालय तुमच्या खात्याचं, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या खात्याचं, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत नाहीतर महापालिकेत. एकाच माणसाचा रक्तस्राव तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदला जातो, आणि त्याच नोंदींवरून राज्यात पक्षाघाताचे किती रुग्ण ते ठरतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या याच वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आम्ही इथे दहावीतल्या आय ६४ मध्येच अडकलो आहोत. रक्तदाबाच्या गोळ्या किती मागवायच्या, न्यूरोसर्जन कोणत्या तालुक्याजवळ हवा, हे कशावरून ठरवता, सांगाल का?

तेव्हा हे करा. छापील पान द्या. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षित कोडरची पदं भरा, आणि कोडरला डॉक्टरकडे लेखी शंका विचारण्याचा आणि ४८ तासांत लेखी उत्तर मिळवण्याचा अधिकार द्या. आणि ‘निदान स्पष्ट करा’ ही क्वेरी रुग्णालयाने रुग्णालयातच सोडवावी, रुग्णाच्या घरच्यांना त्यासाठी बोलावू नये, असा आदेश आजच काढा. त्याला पैसा लागत नाही.

आपले,
सांगली जिल्ह्यातील रुग्णालयांत नोंदी सांभाळणारे काही कर्मचारी